जड ओळ

त्या दिवशी शालनताईंनी तवा वाचला.

घरातला जुना तवा मधोमध फुगला होता, म्हणून अच्युतराव स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टॅबवर नवा शोधत होते. दूध वर येताना दिसलं म्हणून ते उठले, आणि पाठीमागून आवाज आला.

"तीन थरांचा तवा. चिकटत नाही. धिरडं... अलगद सुटतं."

अच्युतराव वळले. शालनताई टॅबवर वाकल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, कुणी आपल्याला चोरी करताना पकडलंय अशी.

"काय म्हणालीस?"

"इथं लिहिलंय ते," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसून रडायला लागल्या. दूध उतू गेलंच.

सात महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या मागच्या, डाव्या भागात एक गुठळी अडकली होती. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. गेलं ते फक्त वाचन. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून समजावलं होतं. अक्षरं दिसतात, पण अक्षरांचा एकदम शब्द बांधणारी जी जागा असते ती मेली आहे. लिहिण्याचा रस्ता वेगळा, तो शाबूत आहे. म्हणजे ताईंना लिहिता येईल, लिहिलेलं वाचता येणार नाही. अच्युतरावांना हे पटलं नव्हतं. घरी आल्यावर ताईंनी सामानाची यादी लिहिली, शेंगदाणे, गूळ, काडेपेटी, आणि पाच मिनिटांनी तोच कागद उचलून विचारलं, "अहो, हे कुणाचं अक्षर?" तेव्हा पटलं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. दुसरा झटका येऊ शकतो. येईलच असं नाही, पण जे करायचं ते फार लांबवू नका.

अच्युतरावांनी केतकीला फोन लावला. केतकी शालनताईंच्या भावाची मुलगी, पुण्यात एका ऑनलाइन बाजाराच्या कंपनीत मालाची पानं मांडायची. आत्याच्या नवऱ्याला त्यांच्याकडे मामाच म्हणत.

"मामा, पाठ असेल तिला ती जाहिरात."

"तवा कुठला पाठ असणार? मी दुसरंही दाखवलं. मिक्सर, मच्छरदाणी. सगळं वाचलं. मच्छरदाणीला तर हसली."

"आणि पेपर?"

"पेपर दाखवला तर म्हणते, मुंग्या आहेत."

रविवारी केतकी साताऱ्याला आली. आत्याच्या हातात टॅब देऊन शेजारी बसली आणि साबण, छत्र्या, पायपुसणी असं काय काय वाचून घेतलं. मग टॅब स्वतःकडं घेऊन तीच पानं वर-खाली करून बघितली.

"हे 'नितळ'मुळे," ती शेवटी म्हणाली.

"कोण नितळ?"

"यंत्र आहे, मामा. प्रोग्रॅम. पूर्वी आम्ही हातानं करायचो. लांबलचक परिच्छेद आला की तोडायचा. आखूड ओळी, मधे मोकळी जागा, वर ठसठशीत मथळा, एका ओळीत एकच गोष्ट. गिऱ्हाईक काही वाचत नसतं, घसरत असतं. आपण घसरगुंडी करून द्यायची, आणि खाली 'विकत घ्या'चं बटण. आता ते नितळ करतं. प्रत्येकासाठी वेगळं, आणि वाचता वाचता."

तिनं पुढं सांगितलं ते अच्युतरावांनी अगदी विद्यार्थ्यासारखं ऐकलं. वाचताना डोळा सरळ सरकत नाही, उड्या मारतो. एका जागी पाव सेकंद थांबतो, पुढं जातो. अडलं की जास्त थांबतो किंवा मागं येतो. टॅबचा कॅमेरा या उड्या बघतो. पुढचा शब्द कुठला असेल याचा वाचणाऱ्याच्या मनात जो अंदाज असतो, तोच अंदाज यंत्रही बांधतं आणि डोळा पोचायच्या आत तो शब्द किंचित गडद करून पुढं आणून ठेवतं. अक्षरांमधलं अंतर हलतं, ओळ हवी तिथं तुटते. वाचणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. त्याला फक्त वाटतं, किती सोपं आहे हे!

"आत्याच्या मेंदूत शब्द बांधणारा माणूस रजेवर गेलाय," केतकी म्हणाली, "आणि हे त्याच्या जागी बदली कामगार म्हणून उभं राहतंय. असं व्हावं म्हणून कुणी बनवलेलं नाही हं. लोकांनी पायपुसणी घ्यावीत म्हणून बनवलंय."

"मग पुस्तकांना लावा की."

"मिळत नाही. फक्त विकायच्या मालाला मिळतं." ती जरा ओशाळली. "तसं मला तरी कुठं पुस्तक वाचवतं आता, मामा? अर्ध्या पानावर डोळे दुखतात. सवयच गेली."

शालनताई इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला माझी वही वाचायचीय. जायच्या आत."

अच्युतरावांनी मान खाली घातली. वही कुठली ते त्यांना विचारावं लागलं नाही.

एकतीस वर्षं अच्युत घोलप एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छपाईआधीची कच्ची पानं, म्हणजे प्रुफं, तपासायची आणि लाल शाईनं चुका दाखवायच्या. मुद्रितशोधकानं गोष्टीत अडकायचं नसतं, अडकला की चूक निसटते. म्हणून ते वाक्यावरून नजर फिरवायचे ती सुईच्या भोकातून दोरा बघावा तशी. चुकून एखाद्या बरोबर शब्दावर लाल रेघ पडली, तर त्या शब्दाखाली ठिपके द्यायचे. ठिपक्यांचा अर्थ, आहे तसं राहू द्या, माझी चूक. अच्युतरावांना आयुष्यात फार थोडे ठिपके द्यावे लागले होते. गडी मुलखाचा भिडस्त. पण ही एवढी एक गोष्ट तो लोकांना सांगत असे.

अडतीस वर्षांपूर्वी शालनताईंनी बासष्ट पानांची एक वही लिहिली होती. जतकडच्या कोरड्या गावातलं त्यांचं लहानपण. दुपारची कामं उरकून दोन वर्षं लिहिलं आणि एका सकाळी नवऱ्याच्या हातात ठेवलं. "बघा जरा," एवढंच म्हणाल्या.

अच्युतरावांनी वही छापखान्यात नेली. तिसऱ्या दिवशी परत आणली.

"एकशे चाळीस चुका होत्या," ते म्हणाले होते, आणि मनापासून खूश होऊन म्हणाले होते. "आता स्वच्छ झालं."

"हं," शालनताई म्हणाल्या होत्या. वही पेटीत गोधड्यांखाली गेली. पुढं त्यांनी सामानाच्या याद्यांखेरीज काही लिहिलं नाही.

त्या 'हं'मध्ये काहीतरी होतं हे अच्युतरावांना कळायला चारपाच वर्षं लागली. कळलं तोवर विचारायची लाज वाटायला लागली. मग त्या लाजेलाच वर्षं झाली.

केतकीनं वहीची पानं टॅबमध्ये घेतली. लाल शाई वगळून निळी तेवढी यंत्रानं उचलली. वही माल म्हणून चढवावी लागली, त्याला इलाज नव्हता. वर्ग, वह्या व लेखनसाहित्य. शिल्लक, एक नग. वर्णनाच्या चौकटीत बासष्ट पानांचा मजकूर.

"आणि कुणी मागवलीच तर?" अच्युतरावांनी घाबरून विचारलं.

"तर तुम्ही जाऊन पोचवून या," शालनताई म्हणाल्या. "मलाही घाला खोक्यात. जुना माल, परत घेतला जाणार नाही."

केतकी खोखो हसली. सात महिन्यांत त्या घरात असं हसू झालं नव्हतं.

यंत्राला शिकायला काही वाचक लागतात. केतकीनं ओळखीपाळखीच्या आणि अनोळखी मिळून तीनशे माणसांपुढं ते पान ठेवलं. दहा दिवस गेले. मग एका सकाळी शालनताईंनी आंघोळ करून, केस विंचरून, देवळात जायची साडी नेसून टॅब समोर घेतला.

त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. आधी चाचपडत, मग सुरात. बाभळीखालची शाळा आली. खापराच्या पाटीवर थुंकून पुसणारा भाऊ आला. पाण्याच्या टँकरमागं धावणारी पोरं आली. अच्युतराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते बायकोकडं बघत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण हे पहिल्यांदाच ऐकतोय. प्रत्येक शब्द आपल्या नजरेखालून गेलाय, तरीही.

शालनताई थांबल्या. मागं गेल्या. परत तिथंच थांबल्या.

"आई दमून यायची. आई खूप कष्ट करायची." त्यांनी मान वर केली. "हे कुणी लिहिलं?"

"तूच."

"मी लिहीन असं? खूप कष्ट करायची? हे शाळेतल्या निबंधात लिहितात. इथं दुसरं होतं." त्यांचा आवाज खाली आला. "परत तपासलंत होय?"

अच्युतराव घाईघाईनं वही घेऊन आले. तिसरं पान उघडलं. निळ्या शाईत होतं, 'आईच्या पाठीला विहिरीचा वास यायचा.' तीनशे माणसांचे डोळे त्या वाक्यावर अडखळले होते. यंत्रानं त्याला 'जड ओळ' असं नाव देऊन ते काढलं होतं आणि तिथं कुणाचाही डोळा अडणार नाही अशी दोन वाक्यं बसवली होती.

ते सांगणार होते, मी नाही, यंत्रानं केलं. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण वहीत त्याच वाक्यात 'पाठीला' या शब्दावर लाल रेघ होती. बाजूला समासात त्यांचंच बारीक, सुबक अक्षर. 'पदराला?'

यंत्र दुसरं होतं. पहिले ते होते.

त्यांनी वही मिटली आणि काहीच बोलले नाहीत. शालनताईंनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. दोन दिवस त्या घरात फक्त भांडी बोलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी पुढ्यात आली, तेव्हा अच्युतराव कपाकडं बघत म्हणाले, "पाठीलाच का?"

"काय?"

"वास. पदराला का नाही? मला तेव्हाही कळलं नव्हतं."

शालनताईंनी हातातलं चहाचं भांडं खाली ठेवलं.

"अडतीस वर्षं लागली विचारायला," त्या म्हणाल्या. मग बसल्या. "उन्हाळ्यात विहीर तळाला जायची. आई कमरेला दोर बांधून आत उतरायची, वाटीनं पाणी भरायची. वर ओढताना पाठ दगडांना घासत यायची. शेवाळ, चिखल, सगळं पाठीला. रात्री झोपताना तिच्या कुशीत धाकटा असायचा. माझ्या वाटणीला पाठ. मी नाक लावून झोपायचे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पदर कुठनं मिळणार मला?"

अच्युतरावांनी त्याच दिवशी केतकीला ओळ परत घालायला सांगितली. यंत्रानं विचारलं, 'जड ओळ ठेवायची? वाचक निघून जाण्याची शक्यता आहे.' केतकीनं 'हो'वर बोट ठेवलं.

आणि त्या ओळीवर शालनताईंचं वाचन कोसळलं. 'आईच्या' आलं, पुढं मुंग्या. चार दिवस प्रयत्न केला. रोज तिथंच.

केतकीनं फोनवर कारण सांगितलं. यंत्र पुढच्या शब्दाचा अंदाज बांधून तो उचलून देतं. 'आईच्या' नंतर माया येईल, हात येईल, पदर येईल. पाठ येईल आणि पाठीमागून विहीर येईल, हे जगात कुणीच धरून चालत नाही. अंदाज चुकला की आधार सुटतो. सगळ्यांचं एक पाऊल अडखळतं, आत्या मात्र पडते.

"आत्या, ऐक ना. तेवढी ओळ जाऊ दे. बाकीची पानं महिन्याभरात होतील तुझी."

"अशा किती ओळी काढल्यात त्यानं?"

पलीकडं बटणांचा आवाज झाला. "दोनशे अकरा."

"मग उरलं काय?" शालनताई म्हणाल्या. "तवा."

त्यांनी टॅब पालथा घातला. दुपारी जेवण झाल्यावर भिंतीकडं तोंड करून पलंगावर आडव्या झाल्या. जाग्याच होत्या, खांद्यावरून कळत होतं. अच्युतराव खुर्चीत वही घेऊन बसले होते. डॉक्टरांनी एक व्यायाम दिला होता, अक्षर बोटानं गिरवलं तर हाताच्या रस्त्यानं ओळखू येतं. पंधरा दिवसांत दोघांनी कंटाळून सोडला होता. त्यांना ते आठवलं. शाळेत पुढच्या बाकावरच्याच्या पाठीवर बोटानं नाव लिहायचं आणि ओळख म्हणायचं, तेही आठवलं.

ते उठले, पलंगाच्या कडेला बसले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात भर दुपारी, खिडकी उघडी असताना, त्यांनी बायकोच्या पाठीवर हात ठेवला नव्हता. त्यांनी पोलक्यावर बोटानं मोठा 'आ' काढला.

शालनताई हलल्या नाहीत. अच्युतरावांनी परत काढला.

"आ," भिंतीकडून आवाज आला.

मग 'ई'. मग 'च्या', त्याला जरा वेळ लागला. 'पा'. 'ठी'. पुढचं अक्षर वाकडं आलं.

"नीट काढा. अक्षर बिघडलं तुमचं."

सव्वा तास लागला. शेवटचा 'चा' संपला तेव्हा शालनताई पूर्ण वाक्य एकदा म्हणाल्या. वास यायचा. मग आणखी एकदा. पाठ वर-खाली होत होती. अच्युतरावांना पुढं वाकून चेहरा बघायचा धीर झाला नाही. ते नुसते हात तसाच ठेवून बसले.

त्यानंतर रोज दुपारी ते वहीतलं निळं तेवढं पाठीवर लिहीत. लाल सोडून. एका पानाला चारपाच दिवस जात. कधी शालनताई अर्ध्या शब्दावरच ओळखत आणि म्हणत, पुढं चला, मीच लिहिलंय. कधी मुद्दाम चुकीचं सांगत आणि अच्युतराव गंभीरपणे परत गिरवायला लागले की हसत. पुढची पानं अच्युतराव आधीच उघडून बघत नसत. आपलं लाल अक्षर बघायची त्यांना शरम वाटे. आज लागेल तेवढंच उघडायचं.

अकराव्या पानावर धाकट्याचं बारसं आलं. पाळणा टांगला होता, आजी दोर ओढत होती आणि कोपऱ्यात उभी राहून एक मुलगी बघत होती. अच्युतरावांनी 'मा' काढला, 'झ्या' काढला. "माझ्या," शालनताई म्हणाल्या. "बास आज. झोप येतेय. उद्या सांगा माझ्या काय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोडका चिरताना त्यांच्या हातून सुरी सुटली. दवाखान्यात त्या तीन दिवस होत्या. शुद्ध आली नाही. अच्युतरावांनी तिथंही, नर्स बाहेर गेली की, त्यांच्या तळहातावर एकेक अक्षर काढून बघितलं. हात काही म्हणाला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी केतकी पुण्याला परत गेली. जाताना म्हणाली, "मामा, ते पान काढून टाकू का?" ते म्हणाले, "राहू दे."

चारएक दिवसांनी टॅब वाजला. नितळचा अहवाल होता. मांडणी उत्तमच, आखूड ओळी, मधे मोकळी जागा, ठसठशीत मथळा. 'आपल्या वस्तूचे पान पुण्यातील एका वाचकाने गेल्या चार दिवसांत वारंवार उघडले. हा वाचक तिसऱ्या भागातील एका ओळीवर एकूण एक्कावन्न मिनिटे थांबला. ही ओळ वाचनास अडथळा ठरत आहे. काढावी का?'

खाली दोन बटणं होती. अच्युतरावांनी चष्मा पुसला, 'नको' दाबलं आणि टॅब मिटला.

मग त्यांनी पेटीतली वही काढली आणि टेबलाशी बसून बारीक टोकाची पेन्सिल घेतली. तिसऱ्या पानावर 'पाठीला' या शब्दाखाली, लाल रेघेच्या खाली, एकेक करून ठिपके दिले. आहे तसं राहू द्या. माझी चूक. मग पुढं गेले. गोष्टीत अडकायचं नसतं हा नियम मोडून, प्रत्येक वाक्यात अडकत, मागं येत, परत वाचत. लाल रेघ दिसली की ठिपके. अकराव्या पानावरच्या 'माझ्या'पासून पुढं ते सगळं त्यांना नवं होतं. सोसाट्याच्या वाऱ्यात छप्पर धरून बसलेली माणसं होती, मेलेली शेळी होती, परीक्षेला पायी गेलेली मुलगी होती. पोळ्या करायला आलेली बाई दोनदा हाक मारून, ताट झाकून गेली.

उन्हं कलली तेव्हा ते बासष्टाव्या पानावर आले. त्या पानावर लाल रेघ नव्हती. पान अर्ध्यातच संपत होतं. शेवटची ओळ होती, 'हे सगळं लिहायचा धीर झाला तो एवढ्यासाठी की आमच्या घरात एक वाचणारा माणूस आहे.'

आणि तिच्याखाली लाल शाईत, बारीक, सुबक अक्षरात, 'तपासले. अ. घो.'